पैसा हंगामाला येतो, खर्च महिन्याला

छोटे, तू पाठवलेला तो ५०-३०-२० वाला व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. पगारातले अर्धे पैसे गरजेला, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया या दोघींनी २००५ साली अमेरिकेत एका पुस्तकात हा हिशेब मांडला आणि तिथून तो जगभर पसरला. महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्या घराला तो चांगला लागू पडतो. पण त्याची सुरुवातच पगारापासून होते, आणि तुझ्या घरात पगार कोणालाच नाही. व्हिडिओ पाहून तुला वाटलं, आपल्याला पैसा सांभाळताच येत नाही. तसं काही नाही गं. तुझ्या घरासाठी तो हिशेब केलेलाच नव्हता.

तुझ्याकडे पैसा कसा येतो ते बघ. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात. मृग बहार धरला असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तूर त्याच सुमारास. तुझी शिलाई लग्नसराईत रात्री अकरा-अकरापर्यंत चालते आणि पावसाळ्यात मशीनवर कापड झाकलेलं असतं. आणि खर्च? दूध रोज, किराणा महिन्याला, लाइटबिल महिन्याला, मोबाइलचा रिचार्ज अठ्ठावीस दिवसांनी. पैसा हंगामाला येतो आणि खर्च महिन्याला येतो. चांदूर बाजारापासून अचलपूर, मोर्शी, वरुडपर्यंत संत्र्याच्या पट्ट्यातल्या घराघरात हीच गोष्ट आहे. बाया मला सांगतात, "ताई, पैसे येतात तवा डोळ्यानं दिसतात, मंग जातात कुठी काय मालूम." बचत गटाचे हिशेब लिहिते म्हणून मला दिसतं की ते उधळपट्टीत जात नाहीत. ते जातात जून-जुलैत. शाळेची फी, बी-बियाणं, खत एकदमच येऊन पडतं, घरात रोकड नसते, मग कृषी केंद्राची उधारी होते, आणि उधारीतला भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असतो. दिवाळीत ज्या घरात लाख-दोन लाख रुपये आले, तेच घर आषाढात पाच हजारांसाठी शेजारी जातं. उत्पन्न कमी असणं वेगळं. उत्पन्न आहे, पण ते बारा महिन्यांवर पसरलेलं नाही, हे वेगळं. दुसऱ्या दुखण्याला औषध आहे, आणि ते तुझ्या हातात आहे.

व्यापाऱ्याचे पैसे येतात तो दिवस डोळ्यांपुढे आण. बागेचा उक्ता सौदा ठरतो, इसार मिळतो, तोडणी होते, कॅरेट भरून गाडी निघते, आणि उरलेला चुकारा कधी एकरकमी तर कधी दोन-तीन तुकड्यांत येतो. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या मनातली वर्षभराची राहिलेली गोष्ट वर येते. सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं, जावईबापूंना फवारणीचा नवा पंप हवा असतो, तुला फ्रिज, आणि कोणाच्या तरी लग्नात आहेर द्यायचा असतो. सगळ्याच मागण्या खऱ्या असतात, म्हणून कोणाला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे पैशाची वाटणी पैसे आल्यावर करायची नसते. इसार घेतला त्या दिवशीच, सौद्याचा आकडा कळला की, घरातल्या सगळ्यांना बसवून ती कागदावर करायची. हातात रक्कम नसते तेव्हा माणसं शांतपणे बोलतात.

एक उदाहरण मांडून दाखवते. समज, बाग ४,२०,००० ला गेली. पहिला वाटा वावराचा. पुढच्या वर्षीची छाटणी, खत, फवारणी, मजुरी, मोटारीचं बिल, समज १,६०,०००. हा पैसा घराचा नाहीच, तो बागेचा आहे, आणि तो वेगळ्या खात्यात गेला पाहिजे. राहिले २,६०,०००. त्यातून घराला पगार सुरू करायचा. महिन्याला १२,०००, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. हे पैसे एका खात्यात ठेव आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन टाक. दर महिन्याच्या पाच तारखेला १२,००० तुझ्या दुसऱ्या खात्यात आपोआप येतील. बँकेतल्या पोराला "महिन्याला इतके या खात्यातून त्या खात्यात टाक" एवढं सांगितलं तरी तो फॉर्म काढून देतो. यापुढे घर चालतं ते त्या बारा हजारांत. पहिल्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात, पर्समध्ये नाही.

आता राहिले १,१६,०००. इथे आपल्या बाया नेहमी अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते. काही खर्च महिन्याला येत नाहीत पण दरवर्षी नक्की येतात. बहिरमची जत्रा २० डिसेंबरला सुरू होते, पुढे महिनाभराहून जास्त चालते, आणि हंडी-रोडग्याशिवाय, पाहुणे बोलावल्याशिवाय आपल्याकडे ती होत नाही. पोळा येतो. पोरीची शाळा जूनमध्ये उघडते. गाडीचा विमा येतो. एप्रिल-मेमध्ये लग्नांचे आहेर येतात. हे सगळं आपण 'अचानक आलेला खर्च' म्हणून धरतो. बहिरम अचानक कसं येईल? दरवर्षी त्याच तारखेला येतं. मागच्या वर्षी अशा कशाकशाला किती लागले ते आठवून लिही. आठवत नसेल तर सासूबाईंना विचार, त्यांना आहेरातले आकडे पाठ असतात. तुझ्या घरचा माझा अंदाज ३६,००० चा आहे. ते बाजूला काढले की ८०,००० राहतात.

त्यातले ५०,००० वाईट सालाचे. हे मी हट्टाने सांगते, कारण आपल्या बागेचं नशीब केवळ आपल्या मेहनतीवर चालत नाही. गळ लागते, गारपीट होते, पाण्याअभावी ताण बसतो, आणि सगळं बरं झालं तर दिल्ली-ढाक्याचा निर्णय आडवा येतो. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० टका होतं, ते वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ टका झालं, आणि ब्राह्मणवाडा थडीच्या, शिरजगाव कसब्याच्या बागेतला भाव इथे पडला. झाडावरच्या फळात काही खोट नव्हती. अशा साली घराचा पगार थांबू नये म्हणून हे पन्नास हजार. दरवर्षी थोडे घालत राहा, सहा महिन्यांचा घरखर्च त्यात जमेपर्यंत.

ते ठेवायचे कुठे, हेही बोलू. बँकेत एफडी कर. पण कोणत्या बँकेत आणि किती, ते विचारून. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा विमा असतो, एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून पाच लाखांपर्यंत. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा एकच लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. मात्र पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर नाव किती मोठं आहे, संचालक किती ओळखीचे आहेत, यानं ते बदलत नाही. पतसंस्था वाईटच असते असं मी म्हणत नाही, कित्येक चांगल्या चाललेल्या आहेत. पण एक-दीड टक्का जास्त व्याज दिसतं म्हणून वाईट सालाचे पैसे तिथे ठेवू नकोस. ज्या पैशावर घर तगणार आहे, त्याला जोखीम नको.

आणि एक गोष्ट तर एफडीच्याही आधी. पीक कर्ज मुदतीत फेड. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून ते शून्य टक्क्यांवर पडतं. पंजाबराव आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री होते, आणि त्यांच्या नावाची सवलत आपल्याच जिल्ह्यातली माणसं तारीख चुकवून घालवतात याचं मला फार वाईट वाटतं. खासगी उसनवारी महिन्याला तीन टक्क्यांची असेल तर वर्षाला ती छत्तीस टक्के होते. कोणताही फंड, कोणतं सोनं तुला दरवर्षी छत्तीस टक्के देणार नाही. म्हणून असलं कर्ज असेल तर आधी ते संपव, मग गुंतवणुकीचं बोलू. सावकाराकडे परवाना आहे का, हेही विचार. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे आणि बिनपरवाना सावकारी हा त्यात गुन्हा आहे.

भिशीचं तू विचारलंस. भिशी मला आवडते, कारण तिच्यामुळे बाया पैसे बाजूला काढतात आणि महिन्यातून एकदा एकत्र बसतात. पण बोलीची भिशी असेल तर जरा आकडेमोड करून बघ. दहा जणींची, दोन-दोन हजारांची, वीस हजारांची भिशी. नडलेली बाई ती सोळा हजारांत उचलते, चार हजार बाकीच्यांत वाटले जातात, आणि ती मात्र पुढे हप्ते भरत राहते. दहा महिन्यांत एवढं व्याज कोणत्याच बँकेत लागत नाही. म्हणजे जिला गरज जास्त, तिलाच ती महाग. शिवाय चिट फंडाचा कायदा १९८२ चा आहे आणि आपल्या गल्लीतल्या बहुतेक भिशा त्यात नोंदलेल्या नसतात. कोणी मधेच गाव सोडलं तर दाद कुठे मागणार? ओळखीच्या, बिनबोलीच्या, चिठ्ठीच्या भिशीत राहा हवं तर, पण घराचं भविष्य तिच्यावर टांगू नकोस. बचत गटाचं तसं नाही. तिथेही कर्जाला व्याज असतं, पण ते गटातच राहतं आणि सगळ्यांच्या खात्यात वाढतं. नाबार्डनं १९९२ मध्ये पाचशे गटांवर बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला, त्यातून आज आपल्या गटाला बँक दारात उभी करते. तू गटात आहेस, नियमित राहा. बैठक चुकवू नकोस.

आता तुझ्या समुद्राकडे येते. तुला वाटलं असेल ताई फिरायचं विसरली. विसरले नाही. तुला समुद्र बघायचा आहे, पोरीला दाखवायचा आहे, आणि सासूबाईंनाही न्यायचं आहे. ही हौस पैशाच्या हिशेबात मागच्या दाराने येऊ नये, तिला स्वतःची जागा असावी. आपल्याकडे बाईनं फिरायला जायचं म्हटलं की ते देवदर्शनाच्या नावाखाली बसवावं लागतं. तुझ्या हिशेबाच्या वहीत तसं नको. स्पष्ट लिही: समुद्र, तीस हजार.

माझा अंदाज असा. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेनं रत्नागिरी, तिथून एसटीनं गणपतीपुळे. तिघं मोठी माणसं आणि पोर. रेल्वे-एसटीचे ६,०००, तीन रात्री राहण्याचे ९,०००, जेवणखाण ८,०००, हातात ७,०००. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुझं आणि सासूबाईंचं निम्मंच. सासूबाई पंच्याहत्तरच्या पुढे गेल्या की त्यांचं एसटीचं तिकीटही लागणार नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. पोर पाच वर्षांच्या आत आहे तोवर तिला वेगळी जागा नको असेल तर रेल्वेत तिकीट लागत नाही. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी व्हायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं तर नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुमारास, तिकीट काढायला बसायचं. जानेवारी मी मुद्दाम म्हणते. आंबियाची तोडणी आटोपलेली असते, नाताळची गर्दी आणि त्या आठवड्याचे चढे भाव उतरलेले असतात, आणि तूर सोंगायला वेळ असतो.

पैसे कुठून? बागेतून नाही. लग्नसराईच्या शिलाईतून. हे तू स्वतः मिळवलेले पैसे आहेत आणि यातल्या हौसेला कोणी बोट दाखवू नये. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत पंधरा हजार, उन्हाळ्यातल्या लग्नसराईत पंधरा हजार, आणि पुढच्या जानेवारीला प्रवास. बाया लगेच आरडी काढायला निघतात. पण आरडी दर महिन्याला हप्ता मागते, आणि श्रावणात तुझ्याकडे ब्लाउज येत नाहीत. पोस्टाची आरडी तर पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही, म्हणजे समुद्रासाठी ती उपयोगाचीच नाही. तुझ्यासारखीला छोट्या मुदतीची एफडी बरी. पैसे आले की टाकायचे, जानेवारीच्या आधी मोकळे होतील अशी मुदत घ्यायची. व्याज थोडंच मिळेल. त्यासाठी ती करतच नाही आपण, हात लागू नये म्हणून करतो. आणि मोबाइलवर येतं ना, आधी फिरा, पैसे नंतर हप्त्यानं भरा, त्याला हात लावू नकोस. मजा चार दिवसांची आणि हप्ता पुढच्या पेरणीपर्यंत, हे तुझ्या घराला परवडणारं नाही.

लांबचं राहिलं. पोर आणि तुझं म्हातारपण.

पोरीचं आधी, कारण ते सोपं आहे. सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात काढ. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत ते निघतं, म्हणून यंदाच काढ. ही योजना जानेवारी २०१५ पासून आहे, वर्षाला कमीत कमी २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. मला ती आपल्यासाठी आवडते ती एका कारणानं: महिन्याला भरलंच पाहिजे असं नाही. वर्षातून एकदा, दोनदा, पैसे येतील तसे भरता येतात. भरायचं पंधरा वर्षं, आणि खातं पूर्ण होतं काढल्यापासून एकविसाव्या वर्षी. मुलगी अठराची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. जानेवारी २०२४ मध्ये व्याज ८.२ टक्के झालं. सरकार दर तीन महिन्यांनी ते ठरवतं, म्हणून खातं काढताना चालू दर विचारून घे. वर्षाला १२,००० भरले आणि दर असाच राहिला तर भरलेल्या १,८०,००० चे एकविसाव्या वर्षी साडेपाच लाखांच्या आसपास होतात. आणि हे बारा हजार तुला बागेतून काढायचेही नाहीत. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००. दोन-दोन हजारांनी येतात, किराण्यात विरघळतात, आणि वर्षाअखेरीस कोणालाच सांगता येत नाही ते कुठे गेले. जावईबापूंच्या खात्यात हप्ता पडला की त्याच दिवशी पोरीच्या खात्यात. या एका गोष्टीवर तू त्यांच्याशी मुद्दाम बोल. मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत.

तुझं स्वतःचं म्हणजे ऐंशी हजारांतून उरलेले तीस. वीस हजार पीपीएफमध्ये. तेही वर्षातून एकदाच भरलं तरी चालतं. एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरलंस तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं, कारण व्याज धरताना महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक धरतात. दरवर्षी वीस हजार भरत राहिलीस तर ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत त्या तीन लाखांचे पाच लाख चाळीस हजारांच्या जवळपास होतात, त्यावर कर नाही. उरलेल्या दहा हजारांत आधी विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योतीचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०, दोघांच्याही नावे. बँक खात्यातून दरवर्षी मेअखेरीला कापले जातात, तेवढे शिल्लक ठेवायचे. जावईबापूंचा साधा टर्म इन्शुरन्सही बघू. पैसे परत मिळणारी पॉलिसी नको, नुसतं संरक्षण देणारी. अंगावर वीज, विजेचा धक्का, विहीर, साप, हे आपल्या वावरात रोजचंच आहे. हे बोलायला मला आवडत नाही, पण ताईनं नाही बोलायचं तर कोणी?

अटल पेन्शनचं एक पत्रक तू दाखवलं होतंस. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला साठीनंतर महिना ५,००० हवे असतील तर आता महिन्याला ४८५ भरावे लागतात. सहामाही भरायचीही सोय आहे, तीच घे, हंगामाला जुळते. योजना चांगली आहे, ती कर. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बत्तीस वर्षांनंतरच्या पाच हजारांत आजच्या पावणेआठशे रुपयांएवढंच येईल. सासूबाईंच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल किती येतं ते तुला माहीत आहे.

म्हणून थोडा पैसा असा हवा की जो महागाईच्या पुढे धावेल, आणि तो शेअर बाजारातूनच येतो. घाबरू नकोस, तुला रोज टीव्हीवर आकडे बघायला सांगत नाही. घराचा पगार सुरळीत चालू लागला की त्यातून महिन्याला ५०० रुपयांचा एसआयपी, साध्या इंडेक्स फंडात. इंडेक्स फंड म्हणजे बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर जसेच्या तसे घेणारा फंड, कोणाच्या हुशारीवर चालत नाही म्हणून खर्चही कमी. मात्र हे पैसे दहा-पंधरा वर्षांचे. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या घरात होता आणि २३ मार्चला २६,००० च्या खाली आला. दोन महिन्यांत. ज्यांना एप्रिलमध्ये मुलीचं लग्न करायचं होतं आणि पैसे तिथे होते, त्यांचं काय झालं असेल विचार कर. ज्यांना घाई नव्हती, त्यांचे पैसे त्याच वर्षाअखेर भरून निघाले. तुझे समुद्राचे, शाळेचे, खताचे पैसे तिथे कधीच जायचे नाहीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोणी, पाहुण्यातल्या कोणी, महिन्याला अमुक टक्के नक्की देतो म्हटलं, की चहा पिऊन उठून यायचं. सेबीकडे नोंदलेला माणूस बाजारातल्या परताव्याची हमी देऊच शकत नाही, त्याला तशी मुभाच नाही.

सोनं. दरवर्षी बाग गेली की एक दागिना होतो. सोन्याला मी वाईट म्हणणार नाही. अडल्या वेळी बँकेत तेच तारण ठेवून पेरणी होते, आणि बाईच्या अंगावरचं हे बऱ्याचदा तिचं एकमेव स्वतःचं धन असतं. पण दागिन्यात घडणावळ जाते, त्यावर कर जातो, मोडताना त्यातलं काही परत मिळत नाही. बांगड्या आहेत तेवढ्या पुरेत. पुढचं घ्यायचंच झालं तर वळं किंवा नाणं घे, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी शिक्का बघून घे, आणि पक्की पावती घे.

आता जे मला सगळ्यात आधी सांगायचं होतं आणि सगळ्यात शेवटी सांगते आहे. एवढं सगळं करून वहीतल्या किती गोष्टी तुझ्या नावावर आहेत? पीपीएफ तुझ्या नावानं काढ. पोरीच्या खात्याला पालक म्हणून तू. वाईट सालाची एफडी दोघांच्या नावे, कोणालाही काढता येईल अशी. प्रत्येक खात्याला, प्रत्येक पॉलिसीला वारस लावलाय का, ते पासबुकावर उघडून बघ. आणि सातबारा. शेतकरी संघटनेनं, शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ मध्ये सरकारनंही नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. बागेत खुरपणं तू करतेस, तोडणीला बाया तू जमवतेस, आणि कागदावर तू नाहीस. हे मागणं म्हणजे भांडण नाही. जावईबापू समजूतदार आहेत, सासूबाई तुझ्या बाजूच्या आहेत. तू स्वतः आधी ते मागण्यासारखं आहे असं मान, बाकीचं मी बोलते.

येत्या रविवारी मी येतेच आहे, सोमवारी सकाळी पोस्टात जाऊ. पोरीचा जन्मदाखला, तुझं आधार आणि पॅन, दोन फोटो, आणि घरातली सगळी पासबुकं, जुनी बंद पडलेलीसुद्धा, एका पिशवीत काढून ठेव. सातबारा आणि आठ-अ चा उतारा मी ऑनलाइन काढून आणते. इसाराची बोलणी त्या आधी झाली तर सौद्याचा आकडा मला फोनवर सांग, म्हणजे वाटणीचा कागद रविवारी जेवणानंतर सगळ्यांसमोरच करून टाकू.